दाट धुक्यातले प्रवासफोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की माझ्या फोनवर पांढरे फोटो यायला लागतात. सोबतचा मजकूर ठरलेला: "प्रत्यक्षात भारी दिसत होतं हो, फोटोत काहीच आलं नाही." मग एकेक प्रश्न सुरू होतो. तीच उत्तरं दर पावसाळ्यात नव्याने टाइप करण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक सह्याद्रीतली आहेत, कारण माझी पायपीट तिथलीच. मात्र काशीच्या घाटावरच्या जानेवारीतल्या धुक्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१. धुकं, ढग आणि धुरकट हवा यांत फोटोच्या दृष्टीने काही फरक पडतो का?

पडतो. दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली की हवामानवाले त्याला धुकं म्हणतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर आपल्याला गाठतं ते धुकं म्हणजे खरं तर जमिनीला टेकलेला ढग. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि तिच्यातली वाफ थेंब धरते. हा ढग वाऱ्याबरोबर सारखा सरकत असतो. समोरचं झाड मिनिटभर दिसतं, पुन्हा गडप होतं. त्यामुळे इथे एका जागी तग धरून उभं राहावं लागतं.

हिवाळ्यातलं धुकं वेगळं. निरभ्र आणि शांत रात्री जमीन थंड होते आणि नदीकाठी, शेतात, सखल भागात धुकं साचतं. कोकणातली धुई ती हीच, जिच्या नावाने आंबेवाले खडे फोडतात. ही ऊन चढलं की विरते, म्हणून उजाडण्याआधी जागेवर पोचलं पाहिजे.

शहरावरचा धुरकटपणा तिसरा. त्यातले कण फार बारीक असतात, त्यामुळे लांबचं सगळं निळसर नाहीतर मळकट तपकिरी दिसतं. धुक्याचे थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचे, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने चांगलेच मोठे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं. हा फरक एडिटिंगमध्ये कामाला येतो, तो प्रश्न १३ मध्ये.

२. खात्रीने धुकं मिळेल अशी जागा कोणती?

खात्री कुणीच देऊ शकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वर, आंबोली, माथेरान, माळशेज, हरिश्चंद्रगड इथे बहुधा निराशा होत नाही. उलट इतकं मिळतं की नको होतं. मला स्वतःला जून अखेर आणि सप्टेंबर आवडतो. तेव्हा ढग तुटक असतात, मधूनच उघडीप मिळते आणि धुक्यात ऊन शिरतं. जुलैतल्या सलग पांढऱ्या दिवसात सकाळ आणि दुपार यांत काडीचा फरक नसतो.

३. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल का?

जमेल. फक्त मोबाइलच्या अतिहुशारीला आवर घालावा लागतो. मोबाइलला धुकं म्हणजे बिघाड वाटतो. तो गुपचूप कॉन्ट्रास्ट वाढवतो, हिरवा भडक करतो, कडा धारदार करतो. आणि तुम्ही म्हणता, "फोटोत धुकं कमी आलंय."

सेटिंगमध्ये ऑटो एचडीआर (उजळ आणि काळोखे भाग आपोआप समतोल करणारी सोय) आणि दृश्य ओळखून रंग बदलणारा पर्याय असेल तर दोन्ही बंद करा. प्रो मोडमध्ये रॉ (कॅमेऱ्याने काहीही न बदललेली कच्ची फाइल) मिळत असेल तर तो घ्या. विषयावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही जागेवर राहतात. मग सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवा (किती, ते पुढच्या प्रश्नात). डिजिटल झूम शक्यतो टाळा. झूमने कुस्करलेलं धुकं नुसतं पिठासारखं दिसतं.

४. डोळ्यांना पांढरंशुभ्र दिसणारं धुकं फोटोत काळपट, राखाडी का येतं?

कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारा भाग) समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचं आहे असं गृहीत धरतो. पुढे नुसतं पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ हवा ते सांगणारं अधिक-उणे सेटिंग) हाताने वाढवायचं. मी +२/३ स्टॉपपासून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सुरुवात करतो. धुकं दाट आणि चौकटीत पांढरं जास्त असेल तर +१ किंवा +१.३.

नजर हिस्टोग्रामवर (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा छटांचा आलेख) ठेवा. धुक्याचा हिस्टोग्राम म्हणजे एकच टेकाड. ते मध्याच्या उजवीकडे असावं, पण उजव्या भिंतीला टेकू नये. भिंतीला टेकलं की तिथलं धुकं गेलं, उरला कोरा कागद.

दोन अपवाद आहेत. किल्ल्याच्या दरवाजाचा ओला काळा दगड किंवा देवळाचा अंधारा मंडप चौकटीचा बहुतेक भाग व्यापत असेल, तर मीटर उलट्या बाजूला चुकतो. तिथे वाढवू नका. दुसरा अपवाद रात्रीच्या दिव्यांचा, तो प्रश्न १८ मध्ये.

५. कॅमेरा नुसता घर्रघर्र करतो, फोकस लागतच नाही. काय करू?

ऑटोफोकसला धरायला कड लागते, आणि धुक्यात कडाच पुसलेल्या असतात. जवळात जवळची ठळक कड शोधा: खोडाची बाजू, छत्रीची कडा, पायरीचा काठ. मधला एकच फोकस बिंदू निवडून तो तिथे लावा. तरी नाही जमलं तर मॅन्युअल करा आणि स्क्रीनवर चित्र मोठं करून बघा. धुकं ये-जा करत असेल तर एकदा फोकस लागल्यावर मॅन्युअलवर टाकून ठेवणंच बरं. झाड पुन्हा दिसेल तेव्हा कॅमेरा तयार असतो. इन्फिनिटीवर लावून मोकळं होऊ नका, धुक्यात विषय लांब नसतोच.

६. समोर काहीच दिसत नसेल तर फोटो काढायचा तरी कशाचा?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, म्हणून उत्तरही लांब.

पॉइंटवर जाऊन दरी शोधणं आधी सोडा. दरी आज नाहीये. दिसतंय त्याच्याकडे वळा, आणि ते किती लांबवर दिसतंय ते मोजा. घाटरस्त्यावर असाल तर सोपं आहे, विजेचे खांब मोजायचे. समजा, आठवा खांब जेमतेम दिसतोय. तिथे मूळ कॉन्ट्रास्टच्या दोनच टक्के शिल्लक आहे असं धरतात. निम्म्या अंतरावर, म्हणजे चौथ्या खांबापाशी, सुमारे १४ टक्के उरतो. दुसऱ्या खांबापाशी साधारण ३८ टक्के. पहिल्याच्याही थोडं अलीकडे, म्हणजे एकूण अंतराच्या दहाव्या हिश्श्यावर, ६८ टक्के.

या हिशेबातूनच मांडणी निघते. मुख्य विषय दुसऱ्या खांबाच्या अलीकडे हवा, तरच तो फोटोत ठामपणे उभा राहील. सोबतीची वस्तू चौथ्याच्या आसपास. तिच्यामागे सहाव्या-सातव्या खांबापाशी एखादा नुसता भास असला की तीन थर झाले आणि खोली आली. एकच थर असेल तर फोटो पांढऱ्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट आकाराची. धुक्यात पोत आणि रंग आधी जातात, मागे उरते बाह्यरेषा. तीच स्वच्छ हवी. माथेरानला एका सकाळी तांबड्या मातीच्या रस्त्यावर एक घोडा उभा होता. शेजारी निळ्या प्लास्टिकचं खोळ पांघरलेला घोडेवाला, मागे जांभळीची दोन खोडं. पहिल्या वीसेक फोटोंत घोड्याची मान आणि एक खोड एकमेकांत मिसळून गेलेलं. घोड्याला सहा पाय असल्यासारखं काहीतरी. मी दोन पावलं डावीकडे सरकलो, खोड आणि मान यांच्यामध्ये हातभर पांढरी फट आली. तरी मजा येईना, कारण घोड्याचं तोंड सरळ माझ्याकडे होतं, म्हणजे आकार नुसता गोळा. मग त्याने कशाला तरी कान टवकारून मान वळवली. तो एक फोटो ठेवला, बाकीचे पुसले. त्यात रंग दोनच आहेत, खालची तांबडी माती आणि खोळेचा निळा. दोन्ही जवळ होते म्हणून टिकले.

तिसरी गोष्ट रिकाम्या जागेची. चौकटीचा अर्धा-पाऊण भाग पांढरा राहिला तर बिचकू नका. पण ती जागा कुठल्या तरी बाजूला ओढ घेणारी असावी. माणूस चालत असेल तर पुढे जागा, वाट वळत असेल तर वळणाच्या बाजूला जागा. विषय मधोमध आणि चारी बाजूंना सारखंच पांढरं, असं झालं की पासपोर्टचा फोटो होतो.

आणि एक विनंती. पाठमोरा माणूस, हातात छत्री, वाट धुक्यात विरलेली, हा फोटो सगळ्यांकडे आहे. माझ्याकडेच चार आहेत. एकदा तो काढून हौस भागवा आणि मग इकडेतिकडे बघा: कोळ्याच्या जाळ्यावरचे थेंब, तटबंदीच्या फटीतलं शेवाळ, चहाच्या टपरीतून निघालेली आणि धुक्यात मिसळणारी वाफ.

७. वाइड लेन्स बरी की टेली?

वाइडमध्ये रुंद दृश्य मावतं, टेली लांबचं जवळ आणते; दोन्हींचं काम वेगळं. वाइड घेऊन विषयाच्या अगदी जवळ गेलात तर तुमच्या आणि विषयाच्या मध्ये धुकं कमी, त्यामुळे विषय ठळक आणि मागचं पुसट. टेलीने लांबचं ओढून घ्याल तर मधलं सगळं धुकंही सोबत येतं. दाट धुक्यात टेली म्हणजे पांढऱ्याचा क्लोजअप.

टेलीची चैन धुकं तुमच्या खाली असताना. लोहगडावरून विंचूकाट्याची सोंड खालच्या ढगातून वर येताना ७० ते २०० मिलिमीटरमध्ये बघा. डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात, त्या दाबून एकत्र आणायला टेलीसारखं काही नाही.

८. घरच्यांचे फोटो काढायचे तर कपडे कोणते घालावेत?

पांढरा, करडा, फिकट निळा नको. लाल, पिवळा, गडद निळा टिकतो. रेनकोट झगझगीत पोपटी असेल तर मात्र फोटोत रेनकोटच दिसतो, माणूस नाही. काळी छत्री कधीही चांगली. ग्रुप फोटो असेल तर सगळ्यांना कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर उभं करा. मागच्या रांगेतली आत्या पुढच्या रांगेपेक्षा फिकट आली तर ती विचारणारच. चेहऱ्यावरचा उजेड फार सुरेख असतो, धुकं म्हणजे आभाळाएवढा लाइटबॉक्स. जवळून काढलेले चेहरे पावसाळ्यात जितके गोड येतात तितके उन्हात येत नाहीत.

९. लेन्सवर सारखी वाफ धरते. पुसली की पुन्हा येते.

पुसून उपयोग नाही, कारण काच बाहेरच्या हवेपेक्षा थंड आहे. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्याचं हे हमखास होतं. माळशेजला एकदा वळणावर अचानक ढगाला भगदाड पडलं आणि उन्हाचे पट्टे दरीत उतरले. मी गाडीतून उडी मारली, कॅमेरा डोळ्याला लावला, तर आत दुधाची साय. दहा मिनिटं रुमालाने काच घासत बसलो. काच साफ झाली तोवर भगदाड बुजलं होतं.

तेव्हापासून पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद. कॅमेरा बंद बॅगेतच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचा. थंडीतून गरम खोलीत शिरताना तो हवाबंद पिशवीत घालून मगच आत न्या, म्हणजे वाफ पिशवीवर धरेल. वाफ आतल्या भिंगावर असेल तर लेन्स काढू नका, कोरड्या जागी तसाच ठेवा.

घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत राहू देऊ नका, बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा घरगुती उपाय करू नका, तांदळाची भुकटी नको तिथे शिरते.

१०. फ्लॅश मारला तर धुकं भेदून जाईल का?

नाही. फ्लॅशचा उजेड नाकासमोरच्या थेंबांवर आपटून परत येतो आणि फोटोभर पांढरे गोळे उमटतात. (यांना भुतं समजून मला पाठवणारे दोघंतिघं दरवर्षी असतात.) घाटात अप्पर लावला की रस्ता आणखी दिसेनासा होतो, त्यातलाच प्रकार.

११. पोलरायझर लावला तर?

चकाकी काढणाऱ्या या फिल्टरने धुकं कापलं जात नाही. थेंबाथेंबावर आपटत आलेल्या उजेडाला ठरावीक दिशा उरलेली नसते. पण ओल्या पानांवरची आणि फरसबंदीवरची चकाकी तो काढतो आणि खालचा हिरवा, काळा रंग वर येतो. जंगलात मी लावतो, पठारावर काढून ठेवतो. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, एवढं ध्यानात ठेवा.

१२. शटर किती ठेवावं? हलणारं धुकं दाखवता येतं का?

हातात कॅमेरा, माणसं चालतायत, तर शटर १/१२५ सेकंदापेक्षा संथ नको. झाडं, वास्तू असतील आणि ट्रायपॉड असेल तर अर्धा सेकंद ते आठ सेकंद करून बघा. तटबंदीवरून ओसंडणारा ढग दोन सेकंदांत रेशमासारखा येतो. पण धुक्याचे पुंजके, त्यांचे लोळ दाखवायचे असतील तर लांब शटर त्यांना सपाट करून टाकतं. तिथे १/२५० बरं. वाऱ्याने गवत हलत असेल तर तेही पुसट होणार. ते आवडतं की नाही हे तुम्हीच ठरवा, मला आवडतं.

ॲपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ ८ च्या आसपास पुरतं. एफ १६ ला गेलात तर सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पांढऱ्या धुक्यात माश्या बसल्यासारखे दिसतात.

१३. डीहेझ वापरावं का? एका फटक्यात सगळं स्वच्छ होतं की.

होतं, आणि फोटोही संपतो. लाइटरूम या एडिटिंग ॲपमध्ये डीहेझ (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) आलं २०१५ मध्ये, आणि तेव्हापासून धुक्यातले फोटो निळे-जांभळे व्हायला लागले. हा स्लायडर फिकट भागात कॉन्ट्रास्ट आणि रंग कोंबतो. शहरी धुरकटपणात ते ठीक, कारण तिथे मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक असतात. दाट धुक्यात लांबच्या झाडाचा रंग कॅमेऱ्यापर्यंत आलेलाच नसतो (प्रश्न ६ मधले टक्के बघा). मग वर काय येतं? नॉइज (रवाळ ठिपके), सेन्सरवरची धूळ आणि झाडांच्या कडेने उजळ रेघ.

मी ते दोन पद्धतीने वापरतो. मास्क करून (म्हणजे फोटोचा ठरावीक भाग निवडून) फक्त जवळच्या विषयावर +५ ते +१०. किंवा उलटं, मागच्या थरावर -५ ते -१०, म्हणजे मागचं आणखी विरतं आणि पुढचं आपोआप ठळक होतं. हे उणे डीहेझ लोक विसरतातच. क्लॅरिटी, स्नॅपसीड या मोबाइल ॲपमधलं स्ट्रक्चर आणि एचडीआर स्केप ही त्याचीच भावंडं. एचडीआर स्केपला तर धुक्यातल्या फोटोच्या वाटेला जाऊच देऊ नका.

१४. मग एडिटिंग नेमकं कुठून सुरू करू?

माझा क्रम सांगतो. आधी धुळीचे ठिपके पुसतो, कारण पुढच्या प्रत्येक पायरीत ते वाढत जातात. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचं सेटिंग (प्रश्न १५). मग एकूण उजेड.

त्यानंतर काळा बिंदू, म्हणजे कुठली छटा पूर्ण काळी धरायची ते, आणि बहुतेकांचा घात इथेच होतो. ॲपमधलं ऑटो दाबलं की ते हिस्टोग्राम दोन्ही भिंतींपर्यंत ताणतं. धुक्यात खरा काळा असतोच कुठे? चौकटीत सगळ्यात जवळ काय आहे ते बघा. हाताच्या अंतरावर काळी छत्री असेल तर ती काळी होऊ द्या. सगळ्यात जवळची वस्तू वीस पावलांवरचं झाड असेल तर ते गडद करडंच राहिलं पाहिजे. ते काळं केलंत की आपण धुक्यात उभे होतो ही जाणीवच फोटोतून निघून जाते.

पुढे कर्व्ह (छटा उजळ-गडद करायला वाकवायची रेघ). अगदी हलका एस, तोही बहुधा फक्त मधल्या छटांपुरता. मग मास्क काढून पुढच्या थराला थोडा कॉन्ट्रास्ट, मागच्याला काहीच नाही किंवा थोडा कमी. शार्पनिंगही फक्त पुढच्यालाच. पांढऱ्या भागात शार्पनिंग म्हणजे रवाळ बासुंदी. नॉइज कमी करायची असेल तर ती त्या पांढऱ्या भागात करा, विषयावर नको.

स्नॅपसीडवर हेच करायचं तर ट्यून इमेजमध्ये ॲम्बियन्स थोडं उणे, मग कर्व्ह्ज, मग सिलेक्टिव्हने पुढच्या वस्तूवर बिंदू ठेवून कॉन्ट्रास्ट. पाच मिनिटांत होतं. अर्धा तास लागत असेल तर बहुधा फोटो चुकीचा निवडलाय.

१५. धुकं कधी निळं, कधी पिवळं येतं. खरा रंग कोणता?

धुक्याला स्वतःचा रंग नाही, जो उजेड पडेल तोच. पहाटे निळसर असतं, ते निळसरच राहू द्या. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स पुष्कळदा ते नीट करण्याच्या नादात सगळं कोमट करून टाकतं. मी ५५०० केल्व्हिनवर ठेवून घेतो आणि रॉमध्ये थोडं इकडेतिकडे करतो. जंगलात धुक्यावर हिरवी झाक येते, ती पानांमधून गाळून आलेल्या उजेडाची. थोडी राहिली तर चांगली, जास्त झाली तर माणसांचे चेहरे आजारी दिसतात. तेव्हा टिंट किंचित मॅजेंटाकडे.

१६. सरळ ब्लॅक अँड व्हाइट केलं तर भानगडच नको ना?

पुष्कळदा तेच योग्य असतं. फोटोतला रंग नुसताच करडा-हिरवा असेल आणि आकार चांगले असतील तर करून टाका. पण तांबडी माती, शेंदूर लावलेला दगड, एसटीचा लाल डबा असला काही जवळचा रंग असेल तर तो घालवू नका. त्या एका ठिपक्यासाठीच तर थांबलो होतो. काळा बिंदू मात्र ब्लॅक अँड व्हाइटमध्येही प्रश्न १४ प्रमाणेच जपा.

१७. फोनवर सुंदर दिसणाऱ्या फोटोत, कुणाला पाठवला की आभाळात पट्टे का पडतात?

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या छटा २५६. धुक्याचा पांढरा पट्टा त्यातल्या तीस-चाळीसच वापरतो. तुम्ही कॉन्ट्रास्ट ताणलात की त्या तीस-चाळीस पायऱ्या लांब लांब होतात आणि जिन्यासारख्या दिसायला लागतात. वर मेसेजिंग ॲप फोटो आणखी दाबतं.

उपाय: रॉमध्ये काढा (१२ बिटमध्ये ४०९६ छटा, १४ बिटमध्ये १६३८४), एडिटिंग १६ बिटमध्ये करा, शेवटी किंचित ग्रेन (बारीक रवा) घाला. ग्रेनने पायऱ्यांच्या कडा मोडतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

१८. रात्री धुक्यात दिव्यांचे फोटो काढताना प्रश्न ४ मधला नियम का फसतो?

कारण रात्री चौकट बहुतेक काळी असते. मीटर ती उजळ करायला जातो आणि दिव्याभोवतीचं तेजोवलय जळून जातं. इथे -२/३ ते -१. दिवा थेट चौकटीत न घेता झाडाच्या किंवा खांबाच्या आड लपवा, म्हणजे त्याच्या कडेने किरण फुटतात. जुने पिवळे सोडियमचे दिवे अजून जिथे शिल्लक आहेत तिथे घाई करून जा. पांढऱ्या एलईडीत ती ऊब नाही.

१९. इंद्रवज्राचा फोटो कसा काढावा?

सूर्य पाठीशी, समोर खाली धुकं, आणि त्यावर तुमची सावली पडलेली: इतकं जुळलं तर सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं दिसतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा त्यासाठी प्रसिद्ध आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच तिथल्या इंद्रवज्राची नोंद केली होती.

गंमत अशी की प्रत्येकाला कडं स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. चौघं रांगेत उभे राहिलात तरी फोटोत ते कॅमेरा धरणाऱ्याच्याच सावलीभोवती येणार. म्हणून "माझ्याभोवती कडं येईल असा फोटो काढ" म्हणणाऱ्या मित्राच्या हातात कॅमेरा द्या, त्याचा त्याला काढू दे. रंग फिके असतात आणि दोन-चार मिनिटांत जातात. एक्स्पोजर मीटरच्याच आसपास ठेवा, वाढवलंत तर रंग धुऊन निघतील. एडिटिंगमध्ये थोडं अधिक डीहेझ मी मनापासून मान्य करतो ते इथेच, तेही फक्त कड्यावर मास्क करून.

२०. कड्यावर धुक्यात उभं राहून फोटो काढताना काय सांभाळावं?

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक पाऊलही टाकू नका. ना पुढे, ना मागे. आधी जागा बघा, पाय रोवा, मग कॅमेरा वर. धुक्यात कड्याची कड आणि पुढचं पांढरं एकच दिसतं, आणि कडेचं ओलं गवत बऱ्याचदा कड्याच्या बाहेर लोंबत असतं. ट्रायपॉड लावलात तर त्याचे पाय तुमच्या आणि कड्याच्या मध्ये असावेत. रस्त्यावर असाल तर वळणावर गाडी थांबवून उतरू नका. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही तेवढेच आठ खांब दिसतायत.

२१. ड्रोन उडवून ढगांच्या वर गेलो तर?

ढगातून वर नेऊ नका. ड्रोन नजरेआड होतो, अडथळे ओळखणारे सेन्सर धुक्यात आंधळे असतात आणि पंख्यांवर पाणी धरतं. तुम्ही मोकळ्या हवेत आणि ढग खाली दरीत असतील तरच, तेही तिथे परवानगी आहे का ते बघून.

२२. धुकं नव्हतं, पण नंतर ॲपने घातलं. चालतं का?

स्वतःच्या भिंतीवर लावायला काहीही चालतं. स्पर्धेला किंवा मासिकाला प्रवासाचा फोटो म्हणून पाठवणार असाल तर नाही. पकडले जातातही. ॲपचं धुकं बहुधा सगळ्या चौकटीवर सारखंच पसरतं. पायाशी असलेला दगड आणि दोनशे फुटांवरचा बुरूज दोन्ही तेवढेच फिके. खऱ्या धुक्यात असं कधीच होत नाही. असलेलं धुकं थोडं दाट करणं (प्रश्न १३ मधलं उणे डीहेझ) मी चालवून घेतो. कुणी विचारलं तर सांगतोही.

२३. प्रिंट काढली तर धुक्याच्या जागी कागद कोरा वाटतो.

कारण तो खरोखर कोरा आहे. २५५ च्या पांढऱ्यावर शाई पडतच नाही. सगळ्यात उजळ धुकं २३५ ते २४० च्या दरम्यान ठेवा. कागद मॅट घ्या. ग्लॉसीवर शाई असलेला आणि नसलेला भाग तिरप्या उजेडात वेगळा चमकतो. आणि प्रिंटला देण्याआधी स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून फोटो बघा. पूर्ण उजेडावर बघून दिलेल्या प्रिंट हमखास काळपट येतात.

२४. फोटोत नुसतं पांढरं आलंय. त्यातून किल्ला काढून मिळेल का?

हा प्रश्न बहुतेक वेळा राजगडावरून येतो. रॉ फाइल असेल तर एकदा कर्व्ह जोरात ताणून बघा. बालेकिल्ल्याची रेघ पुसटशी का होईना, वर आली आणि तिच्याभोवती ठिपक्यांचा चिखल झाला नाही, तर त्याच रेघेवर मास्क करून हळूहळू परत या. जेपेग असेल तर नाही. तीन तास चढून गेलो होतो, हे मला मान्य आहे. तरीही नाही.